चिनी तोंडी महाराष्ट्र

ह्युएन त्संगने महाराष्ट्राचे नाव चार चिनी अक्षरांत लिहून ठेवले आहे. इ.स. ६४१च्या सुमारास तो आपल्या मुलखातून गेला, ६४५ साली छांग-आनला परतला, आणि पुढच्या वर्षी प्येन-ची या भिक्षूच्या हातून त्याचा प्रवासवृत्तांत लिहून झाला. त्यातले आपल्याबद्दलचे पान शाळेत सगळ्यांच्या कानावरून गेलेले असते. माणसे साधी पण मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी. लढाईआधी हत्तींना दारू पाजायची. आणि हर्षापुढे न वाकलेला राजा पुलकेशी. या मजकुरावर बोलून बोलून तो गुळगुळीत झाला आहे. मला त्यातल्या नावांचा नाद जास्त मोलाचा वाटतो. चिनी अक्षर आपल्या बाराखडीसारखे उच्चाराला बांधून ठेवत नाही. तीच चार अक्षरे बीजिंगचा माणूस एक वाचतो, हाँगकाँगचा दुसरे, शांघायचा तिसरे. मग ‘चिनी शिकायची तर कोणती?’ या प्रश्नाला नोकरी-व्यापाराचे ठरीव उत्तर देण्याआधी आपले स्वतःचे नाव कोणाच्या तोंडी कसे वाजते ते ऐकायला काय हरकत आहे?

‘चिनी बोली’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात घराजवळचे चित्र उभे राहते. जिंतूरहून जालन्याकडे निघाले की आमचे चारठाणा लागते. इथे माणूस ‘मी शेतात जायलोय’ म्हणतो, पुण्यात तोच ‘जातोय’ होतो, वऱ्हाडात ‘जाऊन राहिलो’. ऐकणारा हसतो, पण कामाचे अडत नाही. चीनमधले अंतर असे नाही. अभ्यासक तिथल्या बोलींचे साधारण सात गट करतात, आणि बीजिंगच्या मँडरिनवाल्याला हाँगकाँगची कँटनीज कानाने कळत नाही. मराठी-बंगालीत जेवढी ओळख-अनोळख आहे तेवढी तिथे एका ‘भाषेच्या’ पोटात आहे. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे मराठी, दखनी आणि तांड्यावरची गोरमाटी अशा तिन्ही कानावर येतात. ते दृश्य चीनशी अधिक जुळते.

आता ती चार अक्षरे. ह्युएन त्संगच्या तोंडी ती कशी होती याचा अंदाज बांधता येतो, कारण त्याच्या काळात चिनी विद्वानांनी नेमका हाच खटाटोप केला होता. लू फा-येन याच्या घरी काही मित्र जमले, रात्री मद्य रंगात आले, आणि गप्पा निघाल्या त्या उत्तरेचे उच्चार कसे आणि दक्षिणेचे कसे, कोणाचे यमक ढिले आणि कोणाचे बरोबर, यावर. त्या बैठकीची टिपणे हाताशी धरून त्याने पुढे ‘छिये-युन’ हा यमककोश रचला. त्याची प्रस्तावना ६०१ सालची आहे. ह्युएन त्संगचा जन्म बहुतेक अभ्यासक ६०२चा धरतात. बोलींची तुलना करून त्यांतून निवड करण्याची हौस चिन्यांना किती जुनी आहे, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला सुखावेल. पुढे या उच्चारांचे जे तक्ते तयार झाले, त्यांवर बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या भारतीय वर्णमालेची छाप आहे. ओठांचे, जिभेचे, दातांचे, कंठाचे असे गट पाडलेले. कंठ्य गट पाहावा तर क, ख, ग, ङ. फक्त घ नाही. विसाव्या शतकात बर्नहार्ड कार्लग्रेन या स्वीडिश पंडिताने चीनभर फिरून वीसहून अधिक बोलींचे उच्चार टिपले, ते या तक्त्यांवर बसवून पाहिले आणि १९१५ ते १९२६ या काळात जुन्या चिनी उच्चारांची पुनर्रचना प्रसिद्ध केली. नंतर तिच्यात दुरुस्त्या झाल्या, पण सांगाडा टिकला.

त्या पुनर्रचनेनुसार महाराष्ट्राची चार अक्षरे साधारण अशी उच्चारली जात: म-ह-लत्-ठ.

मोठ्याने म्हणून पाहा. र नाही, तो चिनीत नव्हताच, त्याच्या जागी ल आला. पण ‘लत्’ आणि ‘ठ’ एकमेकांना जिथे भिडतात तिथे राष्ट्रातला जोडाक्षराचा ठोका जसाच्या तसा ऐकू येतो. मला तर त्यात प्राकृतातला ‘महारट्ठ’च ऐकू येतो. आणि तो ठ! सातव्या शतकातल्या चिनी माणसाच्या तोंडी शुद्ध मूर्धन्य महाप्राण ठ होता, आमच्या चारठाण्याच्या पोटात आहे अगदी तोच. सौराष्ट्र लिहितानाही त्याने शेवटी हीच ‘लत्-ठ’ जोडी वापरली आहे. म्हणजे हा कानाला भासलेला योगायोग नव्हे. राष्ट्र हा शब्द कसा धरायचा ते त्याने ठरवून टाकले होते.

आजची मँडरिन ही चार अक्षरे वाचते: मो-ह-ला-छा. पहिल्या दोन अक्षरांतला आकार गेला. ‘म’चा मो झाला, बंगाल्याने ओठ गोल करावेत तसा, ‘ह’ घशात खरखरीत झाला. ‘महा’ पुरते सांभाळण्याचा मान खरे तर परक्या कोरियनकडे जातो, तिथे ही दोन अक्षरे आजही ‘महा’ अशीच वाचतात. मँडरिनमधले मोठे नुकसान तिसऱ्या अक्षरात आहे. ‘लत्’मधला त् समूळ नाहीसा झाला. जुन्या चिनीत प्, त्, क् यांवर तुटणारी हजारो अक्षरे होती. उत्तरेच्या बोलींनी ही तिन्ही अंत्य व्यंजने टाकून दिली आणि अक्षरे उघडी पडली. पण चौथे अक्षर ऐकताना मान डोलते. तो ‘छा’ आपला तालव्य छ नाही. जीभ टाळूकडे मागे वळवून काढायचा आहे. स्पर्श गेला, घर्षण आले, तरी जिभेचे ठिकाण राहिले. मँडरिनने ठ सोडला पण मूर्धा सोडला नाही.

कँटनीज म्हणते: मो-हो-लात्-छा. इथे चौथ्या अक्षरात जीभ पुढे दातांशी आली आहे, मूर्धन्यपणाचा मागमूस नाही. पण तिसरे अक्षर! ‘लात्’. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा त् जागच्या जागी. मात्र तो उमलत नाही, जीभ त्‌च्या जागी जाऊन तिथेच थांबते, हवा सुटत नाही. परक्या शिकणाऱ्यांना, विशेषतः युरोपियनांना, हा अडलेला त् ऐकूच येत नाही असे त्यांची पाठ्यपुस्तके बजावत असतात. मराठी माणसाने ‘हात तुटला’ हे भरभर म्हणावे आणि पहिला त कुठे अडकतो ते पाहावे. झाला कँटनीजचा त्. ‘मो-हो-लात्-छा’ एका दमात म्हटले की लात्‌नंतरच्या त्या अडकण्यात राष्ट्राचा सांधा पुन्हा जुळतो. मँडरिनमध्ये ते नाव नुसते वाहून जाते, कँटनीजमध्ये ते मध्येच ठेचकाळते, आणि ती ठेच आपली आहे.

मग ठ कुठे गेला? त्याचे उत्तर फूच्येन प्रांताच्या दक्षिणेत बोलल्या जाणाऱ्या होक्क्येनमध्ये आहे, आणि ते आपण रोज पितो. जगात बहुतेक ठिकाणी चहाची दोनच नावे फिरतात, ‘चा’च्या घराण्यातले आणि ‘टी’च्या घराण्यातले, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामागचा ध्वनिनियम सहसा कोणी सांगत नाही. चहाच्या अक्षराचा जुना आरंभ मूर्धन्य होता, साधारण आपल्या ड सारखा. मँडरिन आणि कँटनीजमध्ये त्या वर्गाचे सगळे स्पर्श च-छ झाले. होक्क्येनमध्ये ते त-थ राहिले. म्हणून उत्तरेत आणि कँटनमध्ये ‘छा’, आमॉय बंदरात ‘ते’, आणि डच गलबतांतून युरोपात गेलेली ‘टी’. महाराष्ट्राच्या चिनी नावातला ठ त्याच वर्गातला, आणि स्वरही चहाच्याच अक्षराचा. चहाचे जे झाले तेच राष्ट्राचे झाले. सकाळी ‘चहा’ म्हणताना आणि हॉटेलात ‘टी’ म्हणताना आपण नकळत चिनी भूगोलाच्या दोन बाजूंना उभे असतो. होक्क्येनचे दुसरे वैभव म्हणजे तिच्यात एकाच अक्षराचे दोन-दोन उच्चार नांदतात, एक पोथीचा, एक घरचा. बुद्धाचे अक्षर पोथीत ‘हुत्’, घरात ‘पुत्’. आपल्याकडे हस्त आणि हात, दुग्ध आणि दूध नांदतात त्याच चालीचे. गंमत अशी की इथे घरचा उच्चार अधिक जुना आहे: ‘पुत्’ मूळ ‘ब्युत्’च्या जवळ, पोथीतला ‘हुत्’ नंतरचा. बुद्धाला मँडरिनने नुसते ‘फो’ करून टाकले आहे. कँटनीजमध्ये ‘फत्’, म्हणजे त् इथेही शाबूत.

शांघायच्या वू बोलीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिचा अभिमान वेगळ्या ठिकाणी आहे. बीजिंगच्या रोमन लिपीत ब, द, ग दिसतात ते फसवे आहेत. उच्चार प, त, क असे अघोष, महाप्राण नसलेले. ‘बीजिंग’ खरे तर ‘पेइचिंग’. कँटनीजमध्येही घोष स्पर्श नाहीत. वूने मात्र जुना तिपेडी भेद राखला: प, फ, ब, क, ख, ग. भारतीय कानाला ती बोली ओळखीची वाटते ती यामुळे. ह्युएन त्संगने गुजरातेतल्या वलभीचे नाव तीन अक्षरांत लिहिले आहे. मँडरिनमध्ये ते ‘फा-ला-फी’ असे हवेत विरते. शांघायचा माणूस पहिली दोन अक्षरे गळ्यात तोडत ‘वा-ला-बी’ म्हणतो, आणि मैत्रकांची राजधानी समोर येते.

पुलकेशीची चार अक्षरे मँडरिनमध्ये ‘पू-ल्वो-ची-श’ होतात. हे वाचून कुणाला बदामीचा चालुक्य आठवेल? गुन्हेगार तिसरे अक्षर आहे. मूळचा ‘के’. मँडरिनमध्ये गेल्या काही शतकांत इ-कारापुढचा क तालव्य होऊन च झाला. मराठी वर्तमानपत्रे एके काळी ‘पेकिंग’ छापत आणि आता ‘बीजिंग’ छापतात. शहराचे नाव कोणी बदलले नव्हते, जुन्या रूपातला क आणि आजचा च एवढाच तो फरक. कँटनीजमध्ये पुलकेशी ‘पोउ-लो-खय-से’, होक्क्येनमध्ये ‘पो-लो-खे-सिया’. क महाप्राण झाला आहे खरा, पण कंठातच आहे. होक्क्येनचा ‘खे’ तर स्वरासकट टिकला. ‘पो-लो-खे-सिया’ दोनदा म्हणा, तिसऱ्यांदा पुलकेशी आपोआप तोंडात येतो.

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. ह्युएन त्संग लो-यांगजवळचा, म्हणजे उत्तरेच्या पोटातला. त्याच्या गावी आज मँडरिनच्याच कुळातली बोली आहे, आणि तिथे त्याचा त्, त्याचा क, त्याचा ग यांपैकी फारसे काही उरलेले नाही. ते टिकले दूर दक्षिणेत, समुद्रकाठी, जो मुलूख त्या काळी दरबाराच्या दृष्टीने परिघावरचा होता. तिथेही एकीकडे सगळे नाही. मँडरिनकडे मूर्धा, कँटनीजकडे अंत्य त्, होक्क्येनकडे आरंभीचा स्पर्श, वूकडे घोष. एकाही जिवंत बोलीला ‘महाराष्ट्र’ पूर्ण म्हणता येत नाही. ‘कँटनीज हीच खरी प्राचीन चिनी’ असे हाँगकाँगचे अभिमानी लोक म्हणतात त्याला म्हणूनच अर्धे टाळ्यांचे आणि अर्धे हसण्याचे उत्तर द्यावे.

आता सूर. चिनीत अक्षराचा सूर बदलला की अर्थ बदलतो, हे ऐकूनच आपले लोक पळतात. पळण्यासारखे त्यात काही नाही, निदान ज्या घरात रेडिओवर रागदारी वाजली आहे त्या घरात तरी. मँडरिनचे चार सूर आहेत, आणि त्यांतला एकच सपाट. बाकीचे चढतात, बुडून वर येतात किंवा कोसळतात. ती मींडेची भाषा आहे. कँटनीजच्या सहांपैकी तीन सपाट: एक वरचा, एक मधला, एक खालचा. ते खडे स्वर आहेत आणि त्यांची उंची एकमेकांच्या हिशेबाने लावावी लागते. मराठी माणूस ‘हो’ हा एकच शब्द होकार, शंका आणि टोमणा अशा तिन्हींसाठी वापरतो, तेव्हा मींड त्याच्या गळ्यात आधीपासून असते. खडा मधला स्वर खालच्यापासून वेगळा ठेवताना मात्र तो घसरतो. सोपेपणा पाहायचा तर सूर मँडरिनच्या बाजूने कौल देतात.

मँडरिनच्या बाजूने आणखी एक कौल आपला च देतो. ‘चार माणसांनी चारा आणला’ या वाक्यात दोन च आहेत, एक तालव्य, एक दंत्य. हिंदीवाल्याला दुसरा जमता जमत नाही. मँडरिनला हे दोन्ही हवे असतात, शिवाय वळवलेल्या जिभेचा तिसराही. पहिले दोन आपल्याला फुकट मिळतात. कँटनीजमध्ये एकाच च-वर भागते, म्हणजे आपली ही श्रीमंती तिथे पडून राहते. महाप्राण आणि अल्पप्राण यांचा भेद दोन्हीकडे लागतो आणि दोन्हीकडे आपण जन्मतः तयार.

महाराष्ट्रात चिनी कानावर आली ती मात्र मँडरिन नव्हे. मुंबईत माझगावच्या गोदीजवळ १९१९ सालचे एक चिनी देऊळ आहे, क्वान कुंगचे. नाव ‘सी यप कून’. सी यप म्हणजे चार तालुके, क्वांगतुंग प्रांतातले, जिथून दर्यावर्दी आणि कारागीर जगभर गेले. त्यांची बोली कँटनीजच्या कुळातली पण खेडवळ, तिच्यात थ-चा ह होतो. थायशानला ते ‘होइसान’ म्हणतात. हे नाव मँडरिनमध्ये वाचले तर ‘स-यी-क्वान’. ‘यप’मधला प् पाहा. जो अंत्य व्यंजनाचा ठोका मँडरिनने टाकला, तो मुंबईच्या एका जुन्या लाकडी जिन्याच्या घराच्या नावात शंभर वर्षे टिकून आहे. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. मला ते नाव त्या देवळाइतकेच पूज्य वाटते.

मराठी माणसांनी चिनी शिकल्याचे दाखले आपल्याकडे आहेत, पण त्यांत बोली निवडायची पाळीच आली नाही. फर्ग्युसन कॉलेजचे पु. वि. बापट यांनी पाली ‘विसुद्धिमग्ग’ आणि चिनी भाषांतरात उरलेला ‘विमुत्तिमग्ग’ यांची तुलना केली, १९३७ साली पुण्यात ती पुस्तकरूपाने निघाली. त्यांना लागत होती ती डोळ्यांची चिनी. त्या पोथ्या कुठल्याही बोलीत वाचल्या तरी अर्थ तोच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथेच १९४२ साली वारले. युद्धाने त्यांना उत्तरेत नेऊन ठेवले, तेव्हा ते उत्तरेची चिनी बोलू आणि वाचू लागले. त्यांच्यासाठी ती जखमी माणसांची भाषा होती आणि पुढे घरातलीही.

आज ज्याला व्यवहार करायचा आहे त्याने मँडरिनच घ्यावी, यात वाद नाही. १९५६पासून ती सरकारने सर्वत्र रुजवली, १९५८ साली तिची रोमन लिपी ठरली, चिनी बोलणाऱ्यांतले सुमारे सत्तर टक्के लोक तिच्या कुळातले काही ना काही बोलतात. कँटनीज घेणाऱ्याला दुप्पट काम असते: हाँगकाँगचा माणूस वर्तमानपत्र कँटनीज उच्चारात वाचतो, पण त्यातली वाक्यरचना मँडरिनच्या वळणाची, आणि तोच माणूस रस्त्यावर येऊन बोलतो ते निराळे. युएन-रेन चाओ या चिनी भाषाशास्त्रज्ञाने हार्वर्डसाठी दोन्हींची पाठ्यपुस्तके केली, कँटनीजचे १९४७ला आणि मँडरिनचे १९४८ला. आधी कँटनीज! तो क्रम त्याच्या कामाच्या सोयीचा असेल, मला मात्र तो अभिरुचीचा वाटतो.

मी कँटनीजच्या बाजूने आहे. होक्क्येन अधिक जुनी, पण तिच्यात वाक्यातले जवळजवळ प्रत्येक अक्षर शेजारी पाहून सूर बदलते, आणि आमच्यासारख्या एकट्याने शिकणाऱ्याला ते शिक्षकाशिवाय झेपणारे नाही. वूचे घोष मोहवतात. वलभी आपली मानणाऱ्या गुजराती वाचकाने ती खुशाल घ्यावी. मराठी माणसाच्या नावाचा सांधा ‘लात्’मध्ये आहे. एक सूचना फक्त ध्यानात ठेवावी: त्याचा सूर सपाट आणि खालचा, सहावा. तो वर चढवला तर शब्द वेगळा होतो, आणि त् उमलू दिला तर हाँगकाँगचा भाजीवाला तुम्हाला परदेशी म्हणून ओळखतो.